रानटी टोमॅटोचा गुण आपल्या वाणात आणताना : पहिल्या कळीपासून स्थिर लाइनपर्यंतचा क्रम

लागवडीचा टोमॅटो आणि त्याचे रानटी नातेवाईक यांचा संकर करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आणि लहान बीजोत्पादकांच्या तक्रारी वर्षानुवर्षे त्याच चार असतात. फळ धरत नाही. फळ धरते पण आत बी नसते. बी उगवते पण झाड संकरित निघत नाही. आणि हे सगळे पार पडले तरी सहा पिढ्यांनंतर रोगप्रतिकार आलेला असतो, फळ मात्र बारीक आणि बेचव राहते. हाताचे कौशल्य क्वचितच कमी पडते. बहुधा पालकांची दिशा (मादी कोण आणि नर कोण) उलटी धरलेली असते, झाडांची संख्या अपुरी असते, किंवा एखाद्या पिढीत जे तपासायचे ते सोडून भलतेच तपासलेले असते. म्हणून पुढील टप्पे क्रमाने वाचावेत आणि मधल्या तपासण्या वगळू नयेत.

चालते उदाहरण म्हणून पर्णगुच्छ, म्हणजे पांढऱ्या माशीने पसरणाऱ्या लीफ कर्ल विषाणूचा प्रतिकार घेतला आहे. त्याचे टीवाय-२ हे प्रभावी जनुक सोलॅनम हॅब्रोकायटीस या केसाळ, हिरव्या फळांच्या रानटी जातीतून आले असून ते ११ व्या गुणसूत्रावर आहे. दुसरा गुण हवा असेल तर जनुकाचे नाव आणि आकडे बदलतील. क्रम तोच राहील.

टप्पा १ : रानटी झाड खरोखर हवे आहे का, हे ठरवणे

हा टप्पा बहुतेक जण ओलांडून पुढे जातात. टीवाय-२ हे जनुक हिसार येथील संशोधकांनी हॅब्रोकायटीसमधून लागवडीच्या टोमॅटोत आणले आणि ते काम १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून निघालेली एच-२४ ही लाइन (पिढ्यानपिढ्या तेच गुण देणारा वंश) जगभरच्या पैदास कार्यक्रमांत दाता म्हणजे जनुक देणारा पालक म्हणून वापरली गेली. सूत्रकृमींना प्रतिकार देणारे एमआय जनुक सोलॅनम पेरूव्हियानममधून १९४० च्या दशकात आणले गेले आणि आज ते असंख्य वाणांत आहे. हवे असलेले जनुक असे आधीच लागवडीच्या लाइनमध्ये उपलब्ध असेल, तर रानटी झाडापासून पुन्हा आरंभ करणे म्हणजे इतरांनी उपसलेली विहीर पुन्हा खणणे होय. अशा लाइनशी संकर केल्यास बंध्यत्व, भ्रूण मरणे, कडवट फळ या अडचणी जवळजवळ उरत नाहीत आणि किमान तीन पिढ्या वाचतात.

रानटी झाडाकडे जाण्याची खरी कारणे दोनच आहेत. एक म्हणजे हवा तो गुण अद्याप कोणी आणलेला नसणे, आणि दुसरे म्हणजे आणलेल्या जनुकाभोवती इतका मोठा रानटी तुकडा चिकटलेला असणे की वेगळा दाता शोधावाच लागतो.

बियाण्याच्या मार्गाविषयीही इथेच निर्णय व्हावा. रानटी जातींचे मोठे संग्रह अमेरिकेत डेव्हिस येथील टोमॅटो जेनेटिक्स रिसोर्स सेंटरमध्ये आणि तैवानमध्ये शानहुआ येथील वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटरमध्ये आहेत. परदेशातून संशोधनासाठी बी आणायचे असल्यास नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचा आयात परवाना आणि विलगीकरण तपासणी आवश्यक आहे.

सावधान : पाकिटात किंवा खिशात घालून आणलेले बी टोमॅटोचे बियाण्यातून पसरणारे विषाणू आणू शकते, आणि ते नुकसान आपल्या एका शेडनेटपुरते राहत नाही. बाजारातील नोंदणीकृत वाण दाता म्हणून वापरताना हेही लक्षात ठेवावे की भारतीय वाण संरक्षण कायदा संशोधनासाठी मोकळीक देतो, मात्र तोच वाण व्यापारी बीजोत्पादनात पालक म्हणून वारंवार वापरायचा असेल तर त्याच्या पैदासकाराची परवानगी लागते.

टप्पा २ : दाता कोणत्या गटातील आहे ते ओळखणे

लागवडीचा टोमॅटो आणि त्याचे जवळचे रानटी नातेवाईक या सर्वांची गुणसूत्रे २४ असतात, त्यामुळे संख्या जुळते. पण त्यावरून संकर सोपा असेल असे समजू नये. व्यवहारासाठी तीन गट धरावेत.

पहिला गट लाल-नारिंगी फळांचा आहे : सोलॅनम पिंपिनेलिफोलियम आणि गालापागोस बेटांवरील चीझमॅनी व गालापागेन्स. यांचा संकर दोन्ही दिशांनी होतो आणि पहिली पिढी सुपीक असते. उशिराच्या करप्याला प्रतिकार देणारे पीएच-३ हे जनुक याच गटातून आले आहे.

दुसरा गट हिरव्या फळांचा, पण वाटाघाटीला तयार असणारा : क्मिएलेव्स्की, निओरिकी, हॅब्रोकायटीस आणि पेनेलाय. इथे दिशा पाळली तर साध्या फळातून उगवणारे बी मिळते.

तिसरा गट पेरूव्हियानम, आर्कानम आणि चिलेन्से यांचा. यात परागकण पोहोचतात, फलन होते, आणि मग भ्रूणाभोवतीची पोषक उती बिघडल्याने भ्रूण अर्ध्यावर मरतो. या गटासाठी भ्रूण संवर्धनाची प्रयोगशाळा हाताशी नसेल तर काम हाती घेऊच नये.

दात्याबाबत आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. हिरव्या फळांच्या रानटी जातींतील अनेक नमुने स्वतःच्या परागाने फलित होत नाहीत आणि म्हणून एका पाकिटातील प्रत्येक झाड आनुवंशिकदृष्ट्या वेगळे असते. पाकिटावर ‘प्रतिकारक’ लिहिले असले तरी दहापैकी तीनच झाडांत ते जनुक असू शकते, तेही एकाच प्रतीत. म्हणून किमान १० ते १२ रानटी झाडे वाढवावीत, प्रत्येकाची रोगचाचणी किंवा मार्कर (जनुक ओळखायला वापरलेली डीएनएवरील खूण) तपासणी वेगवेगळी करावी, आणि खात्रीची दोन-तीन झाडे फांदीच्या छाटांपासून वाढवून जपून ठेवावीत. टोमॅटोवर्गीय छाटांना मुळे सहज फुटतात, त्यामुळे हे अवघड नाही.

टप्पा ३ : दिशा निश्चित करणे

लागवडीचा टोमॅटो नेहमी मादी आणि रानटी झाड नर, हा नियम पहिल्या संकरासाठी अपवादाविना पाळावा.

स्वतःचा पराग नाकारणाऱ्या रानटी जातींच्या कुक्षिवृंतात (फुलातील मादी भागाच्या दांड्यात) परागनलिका थांबवणारी प्रथिने असतात. लागवडीच्या टोमॅटोच्या परागाने या प्रथिनांना तोंड देण्याची क्षमता गमावलेली आहे, त्यामुळे त्याची नलिका रानटी फुलात काही मिलिमीटर जाऊन खुंटते. उलट लागवडीच्या टोमॅटोच्या कुक्षिवृंतात हा पहारा नसल्याने रानटी पराग तिथून बिनदिक्कत जातो. मी विद्यार्थी असताना केसाळ रानटी झाडाला फुले भरपूर आणि टपोरी दिसतात म्हणून त्यालाच मादी केले होते. जवळजवळ महिनाभर रोज सकाळी परागण केले आणि प्रत्येक फूल देठासकट गळून खाली पडलेले पाहिले. त्या हंगामाची वही आजही माझ्याकडे आहे आणि तिच्यात एकाही फळाची नोंद नाही.

या दिशेचा दुसराही लाभ आहे. हरितलवके आणि तंतुकणिका आईकडून येतात, त्यामुळे टोमॅटो मादी असेल तर पेशीद्रव्य पहिल्या दिवसापासून लागवडीच्या वाणाचेच राहते.

तपासणी : मादी म्हणून शक्यतो सहज ओळखता येणारा एखादा अप्रभावी (जनुक दोन्ही पालकांकडून आल्याशिवाय न दिसणारा) गुण असलेली लाइन निवडावी, उदाहरणार्थ बटाट्यासारखे अखंड पान किंवा जांभळट छटा नसलेले हिरवे खोड. पुढे रोपे उगवल्यावर ज्यांत हा अप्रभावी गुण दिसेल ती रोपे संकरित नसून आईच्याच परागाची आहेत, हे रोपवाटिकेतच कळते. हातातल्या व्यापारी लाइनमध्ये असा गुण नसेल, तर प्रत्येक रोपाची मार्कर तपासणी करावी लागेल, त्याचा खर्च आधीच धरावा.

टप्पा ४ : हंगाम जुळवणे

अँडीजच्या उतारांवरील अनेक रानटी जाती दिवस लहान असताना चांगल्या फुलतात. मोठ्या दिवसांत त्या नुसत्या वेली माजवतात. महाराष्ट्रात हे रब्बीच्या बाजूने पडते. रानटी बी मादीच्या आधी तीन ते चार आठवडे, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी पेरावे, आणि मादी लाइन १० दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा पेरावी, म्हणजे फुलोरा कुठे ना कुठे जुळतोच. परागणाचा मुख्य काळ नोव्हेंबरपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ठेवावा. रात्रीचे तापमान १५ ते २० अंश सेल्सिअस असताना पराग उत्तम असतो. नाशिक-निफाडच्या बाजूला जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली गेला की परागाची प्रत घसरते, आणि मार्चनंतर दिवसाचे तापमान ३५ अंशांवर गेले की झालेले कष्ट बहुधा वाया जातात.

रानटी बियांचे कवच कठीण असते. सोडियम हायपोक्लोराइटच्या २.७ टक्के द्रावणात ३० मिनिटे भिजवून, नंतर वाहत्या पाण्यात नीट धुऊन पेरल्यास उगवण एकसारखी होते. बाजारातील ब्लीचच्या बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी असते, म्हणून लेबलवरील टक्केवारी वाचूनच पाणी मिसळावे.

सर्व झाडे कीटकरोधक जाळीत असावीत. पांढरी माशी आत शिरली तर मादी झाडेच पर्णगुच्छाने जातील, आणि ती तर अजून प्रतिकारक नाहीत.

टप्पा ५ : पुंकेसर काढणे

जालना आणि देऊळगाव राजा परिसरातील शेडनेटमध्ये संकरित बीजोत्पादनाचे ‘क्रॉसिंग’ करणाऱ्या बायकांचा हात या कामात प्रयोगशाळेतल्या कोणाहीपेक्षा तयार असतो, आणि शक्य असेल तर दोन दिवस त्यांच्या शेजारी उभे राहून पाहावे. कृती थोडक्यात अशी आहे.

१. कळी निवडताना पाकळ्या निदलांच्या थोड्या बाहेर आलेल्या, फिकट हिरवट-पिवळ्या आणि अजून मिटलेल्या असाव्यात. पाकळ्या गडद पिवळ्या होऊन उलगडू लागल्या असतील तर ती कळी सोडून द्यावी. तिचे स्वतःचे परागण होऊन गेले असण्याची शक्यता मोठी असते.

२. काम दुपारनंतर, उद्या उमलणाऱ्या कळ्यांवर करावे. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने देठाचा सांधा सांभाळावा, कारण जोर पडला की कळी बरोबर तिथूनच तुटते.

३. चिमट्याचे टोक परागकोशांच्या शंकूच्या बुडाशी, बाजूने घालावे आणि शंकू पाकळ्यांसह एकत्र उचलावा. आतला पोपटी कुक्षिवृंत सरळ, ताठ आणि ओरखडाविरहित उभा दिसला पाहिजे.

४. प्रत्येक कळीनंतर चिमटा स्पिरिटमध्ये बुडवून कोरडा करावा.

५. एका झुपक्यात चार-पाच कळ्याच ठेवून बाकीच्या खुडाव्यात. उमललेली जुनी फुले आणि आधी धरलेली फळे तर काढलीच पाहिजेत, नाहीतर झाड आपले सगळे बळ त्यांनाच देते.

तपासणी : दर दिवशी पुंकेसर काढलेल्या पाच कळ्या मुद्दाम परागण न करता तशाच ठेवाव्यात. त्यांपैकी एकीलाही फळ धरले तर कळ्या उशिरा निवडल्या जात आहेत किंवा चिमटा अस्वच्छ आहे, असे समजून त्या दिवसाच्या साऱ्या संकरांवर प्रश्नचिन्ह लावावे.

टप्पा ६ : पराग घेणे आणि लावणे

रानटी झाडाची पूर्ण उमललेली ताजी फुले सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान घ्यावीत. फुलाला विजेच्या टूथब्रशची मागची बाजू लावून थरथरवल्यास पराग काळ्या कागदावर किंवा कॅप्सूलच्या अर्ध्या भागात पिवळसर भुकटीसारखा पडतो. हाती आलेला पराग सिलिका जेलसह बंद कुपीत फ्रीजमध्ये ठेवल्यास काही आठवडे टिकतो, मात्र खोलीच्या उष्णतेत दोन-चार दिवसांत त्याचा जीव जातो. कुपी फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडू नये. तिच्या आत दव जमते आणि पराग फुटतो.

कॅप्सूलमध्ये कुक्षी अलगद बुडवावी, किंवा बोटाच्या टोकावर पराग घेऊन तिला स्पर्श करावा. कुक्षी उमलण्याच्या आदल्या दिवसापासूनच पराग स्वीकारते, तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा परागण केल्यास बियांची संख्या वाढते. खूण म्हणून दोन निदल अर्धे कापावेत, कारण दोरा तुटतो आणि चिठ्ठी उडते, पण कापलेला निदल फळ पिकेपर्यंत साक्ष देतो. चिठ्ठीवर लिहायचे ते शिसपेन्सिलने; बॉलपेनची शाई दव आणि ऊन यांत महिन्याभरात पुसट होते, आणि फळ तयार होईपर्यंत बाप कोण हे सांगायला कोणीच उरत नाही.

टप्पा ७ : फळ, बी आणि गरज पडल्यास भ्रूण वाचवणे

पहिल्या दोन गटांतील संकरात फळ ४५ ते ६० दिवसांत पिकते. ते नेहमीपेक्षा लहान असते आणि त्यात बी कमी असते. बी गरासह एक-दोन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत सुकवावे. पाण्यावर तरंगणारे बी फेकण्याची सवय इथे मोडावी, कारण रुंद, म्हणजे दूरच्या जातींमधील संकरातील हलके बीही पुष्कळदा उगवते.

तिसऱ्या गटात मात्र फळ पिकेपर्यंत थांबणे म्हणजे मेलेल्या भ्रूणाची वाट पाहणे होय. भ्रूण कधी मरतो हे दात्यागणिक बदलते, म्हणून पहिल्या हंगामात परागणानंतर २०, २५, ३० आणि ३५ व्या दिवशी एकेक फळ उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, आणि ज्या दिवशी भ्रूण मोठ्यात मोठा पण अजून पांढराशुभ्र व टवटवीत दिसतो तो दिवस पुढच्या सर्व फळांसाठी धरावा. फळाचा पृष्ठभाग निर्जंतुक करून, बी उघडून भ्रूण अर्ध्या तीव्रतेच्या मुराशिगे-स्कूग या पोषक माध्यमावर ठेवावा. गोळ्याच्या अवस्थेतील अगदी कोवळे भ्रूण साध्या माध्यमावर बहुधा जगत नाहीत. हृदयाच्या आकारापासून पुढचे जगतात. शेकडो बियांमागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी रोपे मिळाली तरी निराश होऊ नये. आधुनिक वाणांतील एमआय जनुक असेच भ्रूण वाचवून मिळवलेल्या अत्यल्प झाडांतून आलेले आहे.

टप्पा ८ : पहिल्या पिढीची खातरजमा

हॅब्रोकायटीसचा खरा संकर रोपवाटिकेतच वेगळा दिसतो : खोडावर लांब केस, हाताला चिकट आणि उग्र वास, वाढ जोमदार. सांगितलेला अप्रभावी गुण आईत असेल तर तो इथे लपलेला असला पाहिजे. शिवाय दोन-तीन गुणसूत्रांवरचे मार्कर तपासून दोन्ही पालकांची रूपे एकत्र दिसतात याची खात्री करावी.

या झाडांचा पराग ॲसिटोकार्मिनने रंगवून पाहावा. अर्ध्याहून अधिक कण पोकळ, आकसलेले दिसले तरी काम थांबत नाही. उरलेले कण पुरतात. मात्र रंग घेतलेला प्रत्येक कण रुजेलच असे नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

सावधान : रानटी जातींच्या आणि त्यांच्या पहिल्या पिढ्यांच्या फळांची चव घेण्याचा मोह टाळावा. हिरव्या फळांत टोमॅटिनसारखी कडू अल्कलॉइडे राहू शकतात.

टप्पा ९ : पहिला बॅकक्रॉस, पुन्हा त्याच दिशेने

बॅकक्रॉस म्हणजे संकरिताचा मूळ वाणाशी पुन्हा संकर. संकरित झाड आता हाती आहे, म्हणून त्यालाच मादी करून मूळ वाणाचा पराग लावावा असे वाटते, आणि नेमके इथेच दुसऱ्यांदा तोंडघशी पडायला होते. कुक्षिवृंतातला तो पहारा संकरित झाडातही येतो आणि मूळ वाणाचा पराग नाकारला जातो. म्हणून पहिल्या बॅकक्रॉसमध्येही मूळ वाण मादी आणि संकरित झाड नर ठेवावे. दुसऱ्या बॅकक्रॉसपासून बहुतेक झाडांत हा अडथळा विरतो आणि मग सोयीप्रमाणे दिशा बदलता येते.

पहिल्या बॅकक्रॉससाठी एकाच संकरित झाडाचा पराग वापरू नये. दाता विषमयुग्मी (जनुकाची एकच प्रत असलेला) असेल तर संकरित झाडांपैकी अर्ध्यांतच जनुक असते, त्यामुळे मार्करने निवडलेली तीन-चार झाडे नर म्हणून ठेवावीत.

टप्पा १० : झाडे किती लावायची

बॅकक्रॉस पाच-सहा वेळा केला की काम झाले, हा सर्वांत खोल रुजलेला गैरसमज आहे. सरासरीने पाहता मूळ वाणाचा वाटा पहिल्या बॅकक्रॉसनंतर ७५ टक्के, दुसऱ्यानंतर ८७.५, तिसऱ्यानंतर ९३.७५ आणि सहाव्यानंतर ९९ टक्क्यांच्या वर जातो. हे खरे असले तरी ही सरासरी जनुकापासून दूरच्या गुणसूत्रांना लागू पडते. ज्या जनुकाला आपण दर पिढीत मुद्दाम धरून ठेवतो त्याच्या शेजारचा रानटी तुकडा त्याच्याबरोबर ओढला जातो. निवड न करता सहा बॅकक्रॉस केले तर जनुकाच्या दोन्ही बाजूंना मिळून सरासरी ३० सेंटिमॉर्गनच्या (गुणसूत्रावरील अंतराचे एकक; १ म्हणजे दर पिढीत त्या अंतरात तुकडा तुटण्याची सुमारे एक टक्का शक्यता) आसपासचा तुकडा शिल्लक राहतो, आणि टोमॅटोचे एक गुणसूत्र साधारण १०० सेंटिमॉर्गनचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे हा तुकडा केवढा आहे ते कळते. तंबाखूच्या मोझॅक विषाणूला प्रतिकार देणाऱ्या टीएम-२ जनुकाभोवतीचे तुकडे व्यापारी वाणांत मोजले गेले, तेव्हा कुठे ४ सेंटिमॉर्गनचा तर कुठे ५१ सेंटिमॉर्गनहून मोठा, म्हणजे नवव्या गुणसूत्राची आखूड भुजा पूर्ण व्यापणारा तुकडा सापडला. हा अभ्यास १९८९ चा आहे. बारीक फळ, उशिरा पिकणे, नरम साल हे दोष अनेकदा या तुकड्यात असतात आणि लोक त्यांचे खापर जनुकावर फोडतात.

म्हणून दर पिढीत निवड तीन चाळण्यांनी, याच क्रमाने करावी.

पहिली चाळणी जनुकाची. प्रभावी जनुकासाठी बॅकक्रॉसमधील अर्धी रोपे वाहक, म्हणजे जनुक असलेली असतात. किमान एक वाहक मिळण्याची ९९ टक्के खात्री हवी तर सात रोपे पुरतात. जनुक अप्रभावी असेल आणि मार्कर नसेल, तर दर बॅकक्रॉसनंतर स्वपरागण करून चौथाई संततीत ते शोधावे लागते आणि तेवढ्याच खात्रीसाठी १६-१७ रोपे, तीही प्रत्येक तपासायच्या झाडामागे, लावावी लागतात.

दुसरी चाळणी तुकड्याची, आणि खरी संख्या इथे लागते. जनुकाच्या एका बाजूला ५ सेंटिमॉर्गनच्या आत तुकडा तुटलेले झाड हवे असेल तर ते दर २० वाहकांत सरासरी एक असते. ९५ टक्के खात्रीसाठी ५९ वाहक, म्हणजे सुमारे १२० रोपे तपासावी लागतात. दोन्ही बाजू एकाच पिढीत तुटलेले झाड ४०० वाहकांत एखादे असते, म्हणून तो हट्ट धरू नये. पहिल्या बॅकक्रॉसमध्ये एक बाजू आणि दुसऱ्यात दुसरी बाजू, असे केल्यास दोन्ही पिढ्या मिळून सुमारे २४० रोपांत काम होते. हीच रोपे सहा पिढ्यांत चाळीस-चाळीस अशी वाटली तर खर्च तेवढाच होतो आणि एकाही पिढीत खात्री येत नाही.

तिसरी चाळणी उरलेल्या गुणसूत्रांची. बारा गुणसूत्रांवर प्रत्येकी चार-पाच, म्हणजे ५० ते ६० मार्कर पुरेसे आहेत, पण ते पहिल्या दोन चाळण्यांतून उतरलेल्या मोजक्या झाडांवरच लावावेत. सगळ्या रोपांवर लावणे म्हणजे पैसे उधळणे.

सावधान : काही जागी कितीही झाडे लावली तरी तुकडा तुटत नाही. टीवाय-२ च्या आणि सहाव्या गुणसूत्रावरील, पर्णगुच्छालाच प्रतिकार देणाऱ्या टीवाय-१ च्या परिसरात रानटी गुणसूत्राचा भाग लागवडीच्या तुलनेत उलटा फिरलेला असल्याचे आढळले आहे. अशा उलट्या भागात दोन्ही गुणसूत्रांची नीट अदलाबदल होत नाही. दोन-तीनशे वाहकांत एकही तुटलेले झाड मिळाले नाही तर संख्या वाढवत न बसता, तेच जनुक पण सरळ क्रमाचा भाग असलेला दुसरा रानटी नमुना शोधणे शहाणपणाचे ठरते.

टप्पा ११ : प्रमाण बिघडले आहे का ते पाहणे

रुंद संकरात एक-एकाचे अपेक्षित प्रमाण अनेकदा मिळत नाही, कारण काही पराग इतरांपेक्षा वेगाने पोहोचतात आणि काही भ्रूण मरतात. समजा ६४ रोपांत ४० वाहक आणि २४ अवाहक निघाले. अपेक्षा ३२-३२ ची होती. फरक दोन्हीकडे ८. वर्ग करून ३२ ने भागले तर २, आणि दोन्हींची बेरीज ४. काय-वर्ग या सांख्यिकी चाचणीची मर्यादा ३.८४ असल्याने हा फरक निव्वळ योगायोगाचा मानता येत नाही. प्रमाण वाहकांच्या बाजूने झुकले असेल तर चिंता नाही. उलट झुकले असेल तर पुढच्या पिढीत रोपांची संख्या त्या मानाने वाढवावी. मात्र प्रमाण फारच विचित्र दिसले, जसे जवळजवळ सगळीच रोपे अवाहक, तर आनुवंशिकतेचे गूढ शोधण्याआधी मादीचे स्वपरागण झाले होते का हे तपासावे. उत्तर बहुधा तिथेच सापडते.

टप्पा १२ : रोगचाचणी, मार्करवर आंधळा विश्वास न ठेवता

मार्कर जनुकाशेजारी असतो, क्वचितच जनुकात. तुकडा छोटा करण्याच्या नादात मार्कर राहतो आणि जनुक निसटते, असेही घडते. म्हणून दुसऱ्या बॅकक्रॉसनंतर आणि शेवटी, अशी किमान दोनदा प्रत्यक्ष रोगचाचणी घ्यावी. पांढऱ्या माशीच्या चाचणीत दर चार-पाच रोपांमागे रोगाला सहज बळी पडणाऱ्या वाणाचे एक रोप असावे. त्या रोपांवर रोग सर्वत्र आला नसेल तर चाचणी रद्द समजावी, कारण निरोगी दिसणारी झाडे नुसतीच वाचलेली असू शकतात. एकट्या टीवाय-२ वर सगळे विषाणू प्रकार थांबत नाहीत, त्यामुळे आपल्या भागातील विषाणूवरच चाचणी व्हावी. सूत्रकृमींच्या एमआय जनुकाची चाचणी मातीचे तापमान २८ अंशांच्या वर गेल्यावर घेऊ नये. त्या उष्णतेत जनुक असलेल्या झाडाच्या मुळांवरही गाठी येतात आणि चांगले झाड उपटून फेकले जाते.

टप्पा १३ : स्थिर लाइन आणि जोडीचे जनुक

तिसऱ्या बॅकक्रॉसमधील उत्तम झाडाचे स्वपरागण करावे. संततीतील चौथाई रोपे जनुकासाठी समयुग्मी (दोन्ही प्रती असलेली) असतील; ११ रोपांत असे किमान एक मिळण्याची शक्यता ९५ टक्क्यांवर असते, पण फळाचा आकार आणि चव यांतही निवड करायची असल्याने ५०-६० रोपे लावावीत. निवडलेली लाइन मूळ वाणाच्या शेजारी, त्याच ओळीत, दोन हंगाम लावून फळाचे वजन, सालीचा टणकपणा, पिकण्याचे दिवस आणि विद्राव्य घन पदार्थ मोजावेत. जनुक नसलेली एक भगिनी लाइनही सोबत असावी. तिन्हींची तुलना केली तरच उरलेला दोष जनुकाच्या तुकड्याचा की अन्यत्र राहिलेल्या रानटी भागाचा, हे कळते.

दोन जनुके एकत्र आणायची असतील तर त्यांचे पत्ते आधी पाहावेत. एमआय आणि टीवाय-१ दोन्ही सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ आहेत आणि वेगवेगळ्या रानटी जातींतून आल्याने ती समोरासमोरच्या गुणसूत्रांवर बसतात. एकाच गुणसूत्रावर दोन्ही असलेले झाड विरळा असते. शुद्ध लाइनमध्ये ही जोडी जमवण्यात वर्षे घालवण्यापेक्षा एका पालकात एमआय आणि दुसऱ्यात टीवाय-१ ठेवून संकरित बी विकणे सोपे पडते, कारण दोन्ही जनुके एका प्रतीतही बऱ्यापैकी काम करतात. टीवाय-२ अकराव्या गुणसूत्रावर असल्याने त्याला ही अडचण नाही.

प्रत्येक पिढीतील निवडलेल्या झाडांचे थोडे बी कोरडे करून, हवाबंद डबीत, पिढी आणि मादी-नराच्या नोंदीसह शीतपेटीत ठेवावे. चौथ्या वर्षी मार्कर आणि रोगचाचणीचा मेळ बसेना, तर नव्याने संकर न करता पहिल्या बॅकक्रॉसच्या त्या डबीपासून पुन्हा चालू करता येते.